तानुबाईच्या हातचा मांडा

शिंदखेड्यापासून दोन कोसांवरच्या त्या गावात तानुबाईला न ओळखणारा माणूस सापडलाच, तर खुशाल समजावं की त्याला अजून एकाही लग्नाचं बोलावणं आलेलं नाही. पंचक्रोशीत कुठंही लग्न निघालं, अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया जवळ आली, जावई पहिल्यांदा घरी यायचा असला, की पहिला निरोप भटजीला आणि दुसरा तानुबाईला. काही घरांत तर हा क्रम उलटा असे. भटजी उशिरा आला तर मुहूर्त थोडा मागंपुढं करता येतो, पण मांडे उशिरा झाले तर व्याही रुसतात.

मांडा म्हणजे खापरावरची पुरणपोळी. पुरणपोळी म्हटलं की बाहेरची माणसं तव्याएवढं काहीतरी डोळ्यांसमोर आणतात, म्हणून सांगायला हवं. गहू भिजवून, वाळवून, दळून, ते पीठ लुगड्याच्या फडक्यातून गाळायचं. मग कणीक इतकी तिंबायची, की ओढली तर तुटता कामा नये. त्यात पुरण भरायचं आणि तो गोळा हातांवर घेऊन, मनगटावरून कोपरापर्यंत फिरवत फिरवत वाढवायचा. चुलीवर मातीचं खापर पालथं घातलेलं असतं. दोन्ही हातांवर पसरलेला, धोतराच्या घडीसारखा लोंबणारा मांडा त्या तापल्या खापरावर एका झोकात टाकायचा. हे काम शिकवून येत नाही. तानुबाईला तिच्या आईनं शिकवलं असं ती म्हणे, पण आईचे मांडे खाल्लेली माणसं गालातल्या गालात हसत.

या सगळ्यात एक माणूस कुणाच्या लक्षात येत नसे. चुलीच्या तोंडाशी, डोक्याला उपरणं गुंडाळून, कपाशीच्या काड्या आत सरकवत बसलेला तिचा नवरा सुपडू. बायकांच्या घोळक्यात हा एकटाच पुरुष. गावातले पुरुष त्याला ‘चुलीजवळचा सुपडू’ म्हणून चिडवत आणि तो चिडत नसे, त्यामुळं चिडवणाऱ्यांचीच पंचाईत होई. पण मांड्याची निम्मी विद्या आगीत आहे हे तानुबाईला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या कुणी आग घातलेली तिला चालत नसे. दोघं कामाला बसली की बोलत नसत. तिनं डावी भुवई वर केली की सुपडू दोन काड्या मागं ओढी. हनुवटी पुढं केली की दोन काड्या आत सारी. पस्तीस वर्षांत त्याच्या आगीवर एक मांडा जळाला नव्हता, आणि आपल्या साध्या आयुष्यात अभिमान वाटावा अशी ही एकच गोष्ट आहे, असं त्याचं मत होतं. ते त्यानं कुणाला बोलून मात्र दाखवलं नव्हतं.

एकोणनव्वद सालच्या अखाजीला पहिल्यांदा तानुबाईच्या हातावर मांडा फाटला.

एक फाटला, लगेच दुसरा फाटला. बायका एकमेकींकडं बघू लागल्या. तानुबाईचा चेहरा असा झाला, जणू भर पंगतीत तिचा पदर खाली आला. सुपडूनं मान वर न करता सांगून टाकलं, “मन्हीच आग चुकनी. खापर जास्त तापनं.” हातावरच्या मांड्याचा खापराशी काय संबंध, हे त्या बायकांना कळत नव्हतं थोडंच! पण नवऱ्यानं चूक अंगावर घेतल्यावर पुढं कोण बोलणार?

 घरी येताना सुपडूला एकेक गोष्ट आठवू लागली. वर्षभर ही बाई भाकरी दोन जास्त खाते आणि तरी बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. थंडीतसुद्धा ओट्यावर झोपते. जरा काही झालं की भांडते आणि भांडून झालं की रडते. छाती धडधडते म्हणून मधेच बसते. गावानं या सगळ्याचं एकच कारण ठरवून टाकलं होतं: जन्मभर आगीजवळ बसलेली बाई, तिला घाम येणार नाही तर काय! गळ्याला गाठ होती, पण ती तर लग्नातच होती. सातपुड्याच्या अंगाला माहेर असलेल्या कितीतरी बायकांच्या गळ्याला असते. तिच्या आईला होती, मावशीला होती. गळ्यात पोत घातली की झाकून जाते, यापलीकडं कुणी तिचा विचार केला नव्हता.

शिंदखेड्याच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तानुबाईला हात पुढं करून बोटं पसरायला सांगितली आणि हातांवर एक कागद ठेवायचा म्हणून सुपडूकडं बघितलं. सुपडूनं खिशातून एसटीचं तिकीट काढून दिलं. ते तिकीट तिच्या बोटांवर असं थरथरलं, की सुपडूला स्वतःचीच लाज वाटली. रोज समोर बसून आपण हे हात बघतो आणि आपल्याला दिसलं नाही!

“गळ्यातली गाठ नको तेवढं काम करतेय,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी रक्त तपासायला धुळ्याला पाठवलं, आणि मग गोळ्या सुरू केल्या. “रोज घ्यायच्या. बरं वाटलं तरी घ्यायच्या. मी सांगेपर्यंत थांबवायच्या नाहीत.”

तीन महिन्यांत बांगड्या मनगटावर परत आल्या. भांडणंही कमी झाली, म्हणजे पूर्वी होती तेवढ्यावर आली. सुपडूनं ते तिकीट जपून ठेवलं होतं. अधूनमधून तो सकाळी तिच्या पुढं केलेल्या हातावर ते ठेवी, न हालणारं तिकीट बघे आणि खूश होऊन बैलांना वैरण घालायला जाई. रोज एक प्रश्न मात्र न चुकता विचारी, “दवाई खादी?” ती म्हणे, “खादी.” गोळ्या पावडरीच्या एका रिकाम्या डब्यात असत आणि डबा भिंतीतल्या देवळीत असे.

एक्याण्णव साली कानबाईची पाळी त्यांच्या घराची आली.

कानबाई ही आमच्याकडची देवी श्रावणात येते, नागपंचमीनंतरच्या रविवारी. भाऊबंदांत ज्याची पाळी असेल त्याच्या घरी तिची स्थापना होते, सोमवारी सकाळी नदीवर विसर्जन. ती येणार म्हणजे घर आढ्यापासून उंबऱ्यापर्यंत झाडायचं, सारवायचं, चुन्यानं पांढरं करायचं. घरातल्या दर पुरुषामागं मुठी मोजून गहू घ्यायचे, ते दळून रोट, म्हणजे जाड पोळ्या, करायचे. रोट फक्त भाऊबंदांनीच खायचे, परक्याला त्यातला घास द्यायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. तोवर दुसरं अन्न तोंडात घालायचं नाही, असं त्यांच्या भाऊबंदांत पाळत. मायचा कोप नको म्हणून सगळी जपून असत, आणि पाळीचं घर तर जास्तच जपे.

तानुबाईनं तर सोवळ्याचा कळस केला. दवाखान्यातली वस्तू, कुणाकुणाचे हात लागलेली, कशाची बनवलेली कोण जाणे, ती मायच्या घरात कशी चालेल? घर पांढरं करायला काढलं त्याच दिवशी तिनं तो डबा उचलला आणि गोठ्याच्या आढ्यात खोचून ठेवला. ‘पंधरा दिवसमां काय व्हणार शे?’ असं तिनं मनाशी ठरवलं. पंधराचे वीस दिवस झाले. रोज सकाळी सुपडू विचारी आणि रोज ती “खादी” म्हणे. देवीसाठी बोललेलं खोटं खोट्यात धरलं जात नाही, असा तिचा हिशेब असावा. त्यात गहू वाळत घालताना तिच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला, तो पिकला. तेही तिनं कुणाला सांगितलं नाही. पाळीच्या घरच्या बाईला दुखायला फुरसत कुठली!

शनिवारपासून तिला चैन पडेना. एका जागी बसेना, सारखी बडबड करी, डोळे मोठे मोठे दिसत. रविवारी संध्याकाळी आरती सुरू झाली आणि तानुबाई घुमू लागली. अंग थडथड उडत होतं, घाम वाहत होता, नजर कुणावर ठरत नव्हती.

“माय उनी! तानुबाईना अंगमां माय उनी!” बायकांनी गलका केला.

कानबाईच्या सणाला कुणाच्या अंगात येणं यात नवल काही नाही. उलट पाळीच्या घरच्या बाईच्या अंगात आली म्हणजे मायनं सेवा मान्य केली. बायकांनी तिच्या कपाळी मळवट भरला, पायांवर पाणी घातलं, ओटीत नारळ घातला. एकीनं मुलीला मूल कधी होईल ते विचारलं, दुसरीनं हरवलेल्या गाईचं विचारलं. तानुबाई काय बडबडत होती ते तिचं तिला कळत नव्हतं, पण विचारणाऱ्यांना जे हवं ते त्यात सापडत होतं. सुपडूनंही हात जोडले. त्याला मात्र कुठंतरी खटकलं. सदतीस वर्षांत तानुबाईच्या अंगात कधी कुणी आलं नव्हतं. अंगात यायला माणसाला सवड लागते, असं तीच म्हणायची.

सोमवारी सकाळी वाजत गाजत मिरवणूक निघाली. बैल उपाशी होते म्हणून सुपडू मागं राहिला. गोठ्यात वरची वैरण ओढताना आढ्यातून काहीतरी घरंगळत त्याच्या पायाशी पडलं. पावडरीचा डबा होता. त्यानं उचलला. गोळ्या आणून महिना होत आला म्हणजे डबा रिकामा हवा. तो जड होता. हलवला तर आतल्या गोळ्या खडखडल्या.

 सुपडूला तानुबाईचे कालचे हात आठवले. देवी आली म्हणून सगळ्या गावानं ज्या हातांना नमस्कार केला, ते हात एसटीच्या तिकिटाखाली थरथरत होते तसेच थरथरत होते. तो डबा छातीशी धरून चिखलातून नदीकडं धावत सुटला.

मिरवणूक नदीच्या उतारावर पोचली होती. दोन बायकांनी धरलेली तानुबाई मध्ये होती, पाय लटपटत होते, तोंडानं अखंड काहीबाही चाललं होतं. सुपडूनं तिचा हात धरला आणि त्याला चटका बसला. तापल्या खापराला चुकून हात लागावा तसा.

“हाई माय नही,” तो ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा ओरडला असेल. “हाई आजार शे! तिनी दवाई बंद करी टाकी. देखा हाऊ डबा!”

वाजंत्री थांबली. भाऊबंदांतला एक म्हातारा म्हणाला, विसर्जन होऊ दे, मग बघू. मायला मधूनच असं उचलून न्यायचं म्हणजे सगळ्या कुळाला भोगावं लागेल. दोघातिघांनी माना डोलावल्या. ती माणसं दुष्ट नव्हती. त्यांनाही तानुबाई हवी होती, पण त्यांना देवीचं भय होतं आणि सुपडूच्या हातात नुसता एक पत्र्याचा डबा होता.

अशा वेळी सगळे ज्या एका माणसाकडं बघतात ती धुरपदाबाई पुढं झाली. धुरपदाबाई म्हणजे तानुबाईची थोरली जाऊ. सत्तरीची, वाकलेली, पण कानबाईचं सगळं तिच्या सांगण्यावरून चाले. तिनं नमस्कारासाठी म्हणून तानुबाईच्या पायाला हात लावला आणि हात तसाच ठेवला. मग तिची टाच उलटी करून बघितली. पिकलेली, सुजलेली टाच. तेवढ्यात तानुबाईला भडभडून उलटी झाली आणि ती बायकांच्या हातांतच खाली बसली.

धुरपदाबाई उठली. कानबाई म्हणून पुजलेला नारळ ज्या पाटावर होता त्या पाटासमोर तिनं पदर पसरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “माय, तू तुन्ही वाटे नदीमां जाय. हाई आमनी शे. हिले आमले ऱ्हाऊ दे.”

मग पुतण्याकडं वळून ती खेकसली, “पुना, देखत काय ऱ्हायना? गाडी काढ!”

पुनाची जीप माणसं भरून शिंदखेडा-धुळे वडाप करायची. त्या दिवशी तिच्यात पहिल्यांदाच बारापेक्षा कमी माणसं बसली. मागं वाजंत्री पुन्हा सुरू झाली आणि माय नदीकडं गेली. सुपडूनं मागं वळून बघितलं नाही. तानुबाईचं डोकं त्याच्या मांडीवर होतं आणि तो वाटेत लागलेल्या प्रत्येक पाटाच्या पाण्याशी गाडी थांबवून उपरणं भिजवून घेत होता.

धुळ्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात पोचायला बारा वाजले. त्या पाळीला डॉक्टर वाणी होत्या. तिशीची, बारीक चणीची बाई, आणि पावसाळ्यातल्या तापाच्या रोग्यांनी व्हरांड्यापर्यंत भरलेला वॉर्ड. ताप एकशे पाच, नाडी एकशे साठ. त्यांनी हिवताप असेल म्हणून रक्त काढायला सांगितलं आणि कपाळावरच्या मळवटाकडं बघून विचारलं, “आबा, यांना आधीपासून काही आजार आहे का?”

 सुपडूनं डबा पुढं केला. डॉक्टरांनी झाकण काढलं, गोळ्यांवरचं नाव वाचलं, तानुबाईची पोत बाजूला करून गळा चाचपला, तिचे हात पुढं धरून बघितले.

“केव्हापासून घेतल्या नाहीत?”

“पांढरं करानं काढं तवयपासून. वीस दिवस व्हई ग्यात.”

पुढच्या क्षणी ती शांत बाई अशी काही हलली, की वॉर्डातल्या सिस्टर लताबाई हातातलं काम टाकून धावत आल्या. सलाईन लागलं. नाकातून नळी घातली. डब्यातल्याच गोळ्या कुटून, पाण्यात कालवून त्या नळीतून सोडल्या. धडधड कमी करायची गोळी तशीच गेली. शिरेतून इंजेक्शनं झाली, टाचेची घाण काढली. पुनानं मदत म्हणून खिशातली डोकेदुखीची पांढरी गोळी पुढं केली, तर डॉक्टर म्हणाल्या, “ती चुकूनसुद्धा नको. या दुखण्यात ती उलटते.” पुनानं ती खिडकीबाहेर फेकून दिली.

लताबाईंनी प्रयोगशाळेतून एक लहान बाटली आणून टेबलावर ठेवली. आत तपकिरी औषध होतं. ते थेंबांनी द्यायचं होतं, पण डॉक्टर देईनात. घड्याळात बघून म्हणाल्या, तासाभरानं.

सुपडूनं बाटलीकडं बोट दाखवलं. “बाई, आत्तेच द्या ना. काबर थांबतस?”

डॉक्टर वाणींना रागवायचा हक्क होता. त्या रागावल्या नाहीत. “आबा, ही गाठ म्हणजे पिठाची गिरणी समजा. ती बेफाम सुटली आहे. तुमच्या गोळीनं दळण थांबतं. पण दळून ठेवलेली पोती आहेत ना, ती अजून सांडताहेत. हे थेंब त्या पोत्यांची तोंडं बांधतात. पण गिरणी चालू असताना हेच थेंब दाणा म्हणून तिच्यात पडले, तर आणखी पीठ निघेल. म्हणून आधी गिरणी बंद, मग पोती बांधायची.”

“आनि तवलोंग?”

“तोवर यांचं अंग गार ठेवायचं. ते काम तुमचं. आणि आबा, खोटं सांगत नाही, दोन दिवस जाईपर्यंत मला काही सांगता येणार नाही.”

पुनानं बाजारातून पोत्यात बर्फ आणला. ओली चादर, बर्फाचं पाणी, पंखा. जन्मभर आग घालत आलेला माणूस आता आग विझवायला बसला. कपाळ, काख, जांघ, पुन्हा कपाळ. कुठलं फडकं गरम झालं ते त्याला बघावं लागत नव्हतं, हात जवळ नेला तरी कळत होतं. लताबाई एकदा म्हणाल्या, “आबा, तुम्हाला सांगावं नाही लागत.” सुपडूला हे ऐकून रडू आलं. ते त्यानं चादर पिळताना उरकलं.

त्या तासात तानुबाईचे हात थांबत नव्हते. ती भानावर नव्हती, पण हात भानावर होते. डावा वर, उजवा खाली, मनगटाला गिरकी, पुन्हा डावा वर. लताबाईंना वाटलं झटके येतायत. सुपडूनं मान हलवली. “नही बाई. मांडा करी ऱ्हायनी.” ते न दिसणारे मांडे वाढत होते, फाटत होते, पुन्हा वाढत होते. आणि एकदा, अगदी एकदाच, तिची डावी भुवई वर गेली.

आग कमी कर.

“करस ना,” सुपडू म्हणाला. “करस ना, कमी करस.” आणि त्यानं कपाळावरचं फडकं बदललं.

तास झाला. नळीतून तपकिरी थेंब गेले.

नाडी लगेच उतरली नाही. मंगळवारी एकशे तीस होती. मधेच एकदा श्वास इतका वाढला की लताबाईंनी सुपडूला बाहेर उभं केलं, आणि व्हरांड्यात उभ्या उभ्या त्यानं कानबाईला सांगून टाकलं, की माय, मला तुझा राग आला आहे आणि तो मी लपवत नाही. असं बोललो म्हणून कोप करायचा असेल तर माझ्यावर कर. नंतर तो फार घाबरला. बुधवारी सकाळी ताप शंभरावर आला, हात चादरीवर निजले, आणि तानुबाईनं डोळे उघडून छताकडं, सलाईनच्या बाटलीकडं आणि मग नवऱ्याकडं बघितलं.

“रोट सरनात का?” ती म्हणाली.

मरणाच्या दारातून परत आलेल्या बाईचा हा पहिला प्रश्न! सुपडूला हसावं की रडावं ते समजेना, म्हणून त्यानं दोन्ही केलं.

गुरुवारी धुरपदाबाई एसटीनं आली, फडक्यात तानुबाईच्या वाट्याचे रोट बांधून. पौर्णिमा तोंडावर आलेली, रोट संपले पाहिजेत आणि परक्याला द्यायचे नाहीत. लताबाईंनी कपाळाला हात लावला. पेशंटला अजून पेज चालली होती. धुरपदाबाईनं थोडा विचार केला, खाटेशेजारी खाली बसली आणि दात नसलेल्या तोंडानं सगळे रोट स्वतः खाऊन टाकले. “तुन्हा वाटाना मी खाधात,” ती म्हणाली. “आते तू तुन्हा वाटानी दवाई खाय.”

तानुबाईनं मान खाली घातली. सुपडूकडं बघायची तिची हिंमत होईना.  वीस दिवस ‘खादी’ म्हणून आपण विश्वास ठेवला, एकदा डबा हलवून बघितला नाही, हे त्याला जास्त लागलं होतं.

सुटी देताना डॉक्टर वाणींनी दोन गोष्टी बजावल्या. गोळी चुकवायची नाही, आणि वर्षभर आगीजवळ जायचं नाही. पहिली गोष्ट तानुबाईनं मुकाट ऐकली. दुसऱ्या गोष्टीनं तिचं तोंड उतरलं.

ते वर्ष कठीण गेलं. लग्नसराईत दुसऱ्या बायका मांडे करत आणि तानुबाई लांब बाजेवर बसून त्यांना नावं ठेवी. सुपडूला आग घालायला बोलावणी आली, पण तो गेला नाही. दुसऱ्या हातांसाठी आग घालायची त्याला सवय नव्हती. रोज सकाळी मात्र तो डबा स्वतः उघडी, गोळी तिच्या तळहातावर ठेवी आणि ती गिळेपर्यंत समोर उभा राही. मग जुनं तिकीट तिच्या बोटांवर ठेवी. आता ते तिकीट कडांनी पार झिजून गेलं होतं.

पुढच्या श्रावणात पाळी धुरपदाबाईच्या घराची होती. रविवारी सगळे भाऊबंद जमले आणि नैवेद्य मांडायच्या वेळी धुरपदाबाईनं हाक मारली, “सुपडू, तो डबा लई ये.” तिनं त्यातली एक गोळी काढली, रोटाशेजारी कानबाईपुढं ठेवली, वर हळदकुंकू वाहिलं आणि आरती झाल्यावर उचलून तानुबाईच्या हातावर घातली.

“हाई बी आते रोटच शे,” ती म्हणाली. “खाई ले.” भाऊबंदांनी हात जोडले. म्हातारीपुढं बोलणार कोण?

मग रात्रीच्या नैवेद्याच्या मांड्यांची वेळ आली. वर्ष पुरं झालं होतं. तानुबाई खापरासमोर बसली, सुपडू चुलीच्या तोंडाशी. बायका भोवती जमल्या होत्या. तानुबाईनं गोळा उचलला. डावा हात वर, उजवा खाली, मनगटाला गिरकी. मांडा वाढू लागला. मनगटावरून कोपराकडं, कोपरावरून खाली. कुठं फाटला नाही, कुठं जाड राहिला नाही. तिनं दोन्ही हात पसरून तो उचलून धरला आणि मांड्याच्या कडेवरून सुपडूकडं बघितलं. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ धरला, मुद्दाम. मांडा हालत नव्हता. हात हालत नव्हते.

मांडा खापरावर पडला. तानुबाईची भुवई वर गेली. सुपडूला ती दिसलीच नाही. तो तिच्या रिकाम्या झालेल्या हातांकडं बघत होता. काड्या तशाच आत जळत राहिल्या. जळका वास आला तेव्हा त्याला भान आलं, पण तोवर मांडा मधोमध काळा पडला होता.

“कानबाईना मांडा जयना!” कुणीतरी किंचाळलं. “कोनी जाया?”

पस्तीस नव्हे, आता अडतीस वर्षं, आणि त्याच्या आगीवर जळालेला हा पहिला मांडा. सुपडूनं तोंड उघडलं, पण त्याच्या तोंडून शब्द निघायच्या आत तानुबाईनं तो जळका मांडा उचलून बाजूला ठेवला होता आणि नवा गोळा हातात घेतला होता.

“मन्हा हात चुकना,” ती म्हणाली आणि हनुवटीनं त्याला आग घालायला सांगितलं.